टोलेंटिनोचा थॉमस आणि ठाण्याचे चार हुतात्मे

टोलेंटिनोचा थॉमस (जन्म सु. १२५५–६०, मृत्यू बहुधा ९ एप्रिल १३२१). मध्ययुगातला इटालियन फ्रान्सिस्कन संन्यासी. आर्मेनियात बरीच वर्षं मिशनरी म्हणून काम केलं, तिथल्या राजाचा दूत म्हणून युरोपात गेला, आणि म्हातारपणी चीनला जायला निघालेला असताना वाटेत आपल्या ठाण्यात मारला गेला. त्याच्यासोबत पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा (म्हणजे आजच्या त्बिलिसीचा) दिमित्री असे आणखी तिघं मारले गेले, म्हणून कॅथलिक परंपरेत या चौघांना एकत्रच 'ठाण्याचे हुतात्मे' म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर युरोपियन धर्मगुरूंच्या हत्येची इतकी जुनी आणि घटनेच्या इतक्या जवळची लेखी नोंद क्वचितच मिळते, आणि त्याच कागदांतून पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षं आधीचं ठाणं थोडंफार दिसतं, त्यामुळे कोकणाच्या इतिहासालाही ही घटना महत्त्वाची आहे.

थॉमसचा जन्म मध्य इटलीतल्या मार्के प्रांतात टोलेंटिनो गावी झाला. बालपण, आईवडील, शिक्षण याबद्दल नंतरच्या चरित्रांत जे येतं ते बहुतेक ठोकळेबाज आहे, त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. नक्की एवढंच की तो तरुणपणीच फ्रान्सिस्कन संघात गेला आणि संघातल्या कडक गटाचा झाला. हा गट 'स्पिरिच्युअल' म्हणून ओळखला जातो. संत फ्रान्सिसने सांगितलेलं दारिद्र्य अक्षरशः पाळायचं, संघाने स्वतःच्या नावावर काहीच मालमत्ता ठेवायची नाही, असं यांचं म्हणणं. १२७४ मध्ये ल्योंची धर्मपरिषद भरली तेव्हा पोप आता संन्याशांना मालमत्ता घ्यायला लावणार अशी अफवा मार्केत पसरली, त्यावरून वाद पेटला आणि पुढच्या काही वर्षांत थॉमस, आंजेलो क्लारेनो, माचेराताचा पीटर वगैरे मंडळींना त्यांच्याच संघाच्या वरिष्ठांनी कैदेत टाकलं. सुटका झाली ती थेट १२८९–९० च्या सुमारास, रेमंड जोफ्रुआ संघप्रमुख झाल्यावर. म्हणजे या माणसाने पहिला तुरुंग बघितला तो परधर्मीयांचा नव्हे तर स्वतःच्याच संघाचा, आणि तोही जवळपास दहा वर्षं. या काळाची मुख्य माहिती क्लारेनोच्याच लिखाणातून येते आणि तो स्वतः भोगलेला पक्ष होता, हे लक्षात ठेवून वाचावं लागतं.

सुटल्यावर या गटाला इटलीत ठेवणं कुणालाच सोयीचं नव्हतं. त्याच वेळी किलिकियातल्या (आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या) आर्मेनियन राज्याचा राजा हेथूम दुसरा याने फ्रान्सिस्कन संन्यासी मागवले होते (हा राजा पुढे स्वतःच फ्रान्सिस्कन झाला), म्हणून यांना तिकडे पाठवण्यात आलं. मे १२९१ मध्ये क्रूसेडवाल्यांचं एकर पडलं, इजिप्तच्या ममलूकांचा धोका आर्मेनियाच्या दारात आला, तेव्हा हेथूमने मदत मागायला थॉमसला पश्चिमेकडे पाठवलं. पोप निकोलस चौथा, फ्रान्सचा फिलिप चौथा आणि इंग्लंडचा एडवर्ड पहिला यांच्याकडे मदतीची मागणी गेली, पण हाती फारसं काही लागलं नाही. पुढे थॉमस आणखी साथीदार घेऊन परत पूर्वेला गेला.

त्याच्या आयुष्यातलं युरोपसाठी सगळ्यात महत्त्वाचं काम १३०७ चं. चीनमध्ये खानबालिकला (आजचं बीजिंग) मोंतेकोर्विनोचा जॉन हा फ्रान्सिस्कन जवळपास एकट्याने काम करत होता, त्याची पत्रं घेऊन थॉमस फ्रान्समधल्या प्वात्येला पोप क्लेमेंट पाचव्यापुढे हजर झाला आणि पोप व कार्डिनल मंडळींपुढे बोलला. त्याच वर्षी क्लेमेंटने जॉनला खानबालिकचा आर्चबिशप नेमलं. तेव्हापासूनच थॉमसच्या मनात चीनला जायचं असावं. मधल्या दहा-बारा वर्षांच्या नोंदी तुटक आहेत.

१३२० च्या अखेरीस किंवा १३२१ च्या सुरुवातीला तो होर्मुझहून जहाजाने निघाला. वय साठीच्या पुढे. बरोबर वर सांगितलेले तिघं, आणि शिवाय सेव्हेराकचा जॉर्डानस हा डॉमिनिकन संघाचा फ्रेंच संन्यासी. दिमित्री हा दीक्षा न घेतलेला सेवक-बंधू होता, त्याला भाषा चांगल्या येत आणि दुभाषी म्हणून त्याचा उपयोग होत असे. तो जॉर्जियन की आर्मेनियन यावर एकमत नाही, तिफ्लिस शहरात दोन्ही वस्त्या असल्याने फक्त गावावरून काही ठरत नाही. भाडं ठरलं होतं कोल्लमपर्यंतचं, तिथून मैलापूरला (आजच्या चेन्नईत) येशूचा शिष्य प्रेषित थॉमसची कबर आणि मग पुढे चीन, असा बेत होता. पण जहाज आलं ठाण्याला. एक-दोन वर्षांनी ठाण्याला आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक, त्याच्या वृत्तान्तात हे त्यांच्या इच्छेविरुद्ध झालं असं आहे. उलट्या वाऱ्यामुळे झालं की नाखव्याने आपल्या मालासाठी तिकडे वळवलं यावर अभ्यासक दोन्हीकडून बोलतात. ठाणं तेव्हा मोठं बंदर होतं, त्यामुळे दुसरी शक्यता अगदीच सोडून देण्यासारखी नाही.

तेव्हाचं ठाणं कसं होतं हे थोडक्यात सांगायला हवं. शिलाहारांची ही राजधानी, ताम्रपटांतलं श्रीस्थानक. साधारण १२६५ च्या सुमारास शिलाहार संपून उत्तर कोकण देवगिरीच्या यादवांकडे गेलं. त्यानंतर मार्को पोलो ठाण्याला स्वतंत्र राजा असल्याचं सांगतो, आणि तो चाच्यांशी संगनमत करून जाणाऱ्या जहाजांवरचे घोडे स्वतःसाठी ठेवून घेतो असंही लिहितो. १३१७–१८ मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खलजीने यादवांचं उरलंसुरलं राज्य संपवलं आणि त्याच सुमारास कधीतरी ठाण्यातही दिल्लीचा अंमल आला असावा. ओडोरिक सांगतो की हा मुलूख मुसलमानांनी जोरावर घेतला आणि तो आता दिल्लीच्या बादशहाच्या ताब्यात आहे. १३२० मध्ये दिल्लीत मुबारकचा खून झाला, खुस्रो खान काही महिने टिकला आणि सप्टेंबरमध्ये गियासुद्दीन तुघलक तख्तावर बसला. म्हणजे हे पाच जण ठाण्याला उतरले तेव्हा तिथली सत्ता उणीपुरी तीन-चार वर्षांची होती आणि वर दिल्लीतला धनी नुकताच बदललेला होता. स्थानिक अधिकारी इतके बिचकून का वागले याचं एक कारण यात शोधता येईल, निदान मला तरी ते पटतं.

शहरात ख्रिस्ती लोक नव्हते असं नाही. ओडोरिक नेस्टोरियन, म्हणजे इराणी-सिरियाई पंथाच्या, ख्रिस्त्यांची १५ घरं सांगतो. ते इथे कधी आले हे सांगणं अवघड, पण सहाव्या शतकात कॉस्मास या ग्रीक लेखकाने जवळच्या 'कल्लियाना'त, जे बहुतेक अभ्यासक कल्याण मानतात, इराणातून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलंय, तेव्हा या किनाऱ्यावर इराणी-सिरियाई पंथाची ये-जा जुनीच. आजच्या ठाणे-वसईच्या ईस्ट इंडियन समाजाचा धागा सरळ या नेस्टोरियनांपर्यंत नेण्याचा प्रयत्न काही जण करतात, त्याला पुरावा मात्र फार तोकडा आहे, त्या समाजाचं धर्मांतर मुख्यतः सोळाव्या शतकातलं पोर्तुगीज काळातलं.

हे पाचही जण अशाच एका नेस्टोरियन घरी उतरले. जॉर्डानस काही दिवसांनी गुजरातेत भरूचकडे निघाला, तिकडे नावाचे ख्रिस्ती आहेत पण धर्माची माहिती नाही असं त्याला कळलं होतं. तो तिकडे गेलेला असताना पुढचं घडलं. ओडोरिकच्या सांगण्यानुसार सुरुवात अगदी घरगुती कारणाने झाली. यजमान नवरा-बायकोत भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, ती फिर्याद घेऊन काझीकडे गेली. काझीने साक्षीदार कोण विचारलं तर तिने घरी राहणाऱ्या चार फ्रँक (म्हणजे युरोपियन) धर्मगुरूंचं नाव सांगितलं. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता, तो म्हणाला हे लोक विद्वान असतात, यांना बोलवा, धर्माची चर्चा करू. पीटर सामान सांभाळायला घरी राहिला आणि बाकी तिघं गेले. चर्चा ख्रिस्ताच्या देवत्वावरून सुरू झाली आणि मग काझीने पैगंबर मुहंमदांबद्दल तुमचं काय मत असं विचारलं. थॉमसने आधी टाळायचा प्रयत्न केला असं वृत्तान्त सांगतो, पण परत परत विचारल्यावर अतिशय कठोर शब्दांत निंदा केली. त्या काळच्या शरियतच्या कायद्यात पैगंबरांच्या निंदेला मृत्युदंड होता, आणि थॉमसने इतकी वर्षं मुस्लिम राज्यांच्या शेजारी काढलेली, तेव्हा या उत्तराचा परिणाम त्याला ठाऊक नसेल असं धरता येत नाही.

यानंतरचा भाग हुतात्मा-चरित्रांच्या ठरलेल्या वळणाने जातो, तरी तपशील बघण्यासारखे आहेत. तिघांना सकाळपासून दुपार उलटेपर्यंत, सुमारे सहा तास, उघड्या उन्हात बांधून ठेवलं. ओडोरिक म्हणतो की इथलं ऊन असं की एक मिस्सा (चर्चमधली उपासना) होईपर्यंत उभं राहिलं तरी माणूस मरेल, आणि एप्रिलमधलं ठाणं ज्यांनी अनुभवलंय त्यांना यातली भीती समजेल. तरी ते हसतमुख आणि धडधाकट राहिले. मग चौकात मोठा जाळ केला आणि तरुण जेम्सला त्यात टाकलं, तो प्रार्थना करत उभा राहिला आणि काही झालं नाही. लोक ओरडायला लागले की हे साधू आहेत, यांना हात लावणं पाप आहे. काझीचं म्हणणं असं की याचा झगा इब्राहिमच्या देशातल्या लोकरीचा आहे म्हणून हा जळत नाही, झगा काढा. दुसऱ्यांदा कपडे काढून, अंगाला तेल लावून, आणखी मोठ्या जाळात टाकलं, तरी तो तसाच बाहेर आला. हा इब्राहिमचा उल्लेख विचार करण्यासारखा आहे, कारण इब्राहिमला आगीत टाकलं आणि आग थंड झाली ही कथा कुराणात आहे आणि मुस्लिम श्रोत्यांच्या ओळखीची. चमत्काराची ही कथा ठाण्यातल्या लोकांच्या तोंडून ओडोरिकपर्यंत आली असेल तर असं मिश्रण होणं साहजिक आहे, आणि ती सगळीच युरोपात बसून रचली असं म्हणणाऱ्यांना याचं उत्तर द्यावं लागेल.

शहराचा मुख्य अधिकारी, ज्याला वृत्तान्तात 'मलिक' म्हटलंय (हे नाव नव्हे, हुद्दा आहे), याने तिघांना निरपराध ठरवून सोडलं आणि लवकर निघून जा असा सल्ला देऊन खाडीपलीकडच्या वस्तीत पाठवून दिलं. पण रात्री काझीने त्याचं मन वळवलं, हे सुटले तर सगळे लोक यांच्या मागे जातील असं पटवलं, आणि चार हत्यारबंद माणसं पाठवण्यात आली. त्यांनी तिघांना मारलं. पीटर नंतर सापडला. त्याला आधी आमिषं दाखवली, मग छळ केला, झाडाला टांगलं आणि शेवटी तलवारीने ठार केलं. परंपरेनुसार हे ११ एप्रिलला. पुढे दिल्लीच्या बादशहाला कळल्यावर त्याने मलिकला बोलावून देहदंड दिला आणि काझी पळून गेला, असं ओडोरिक लिहितो. याला फारसी तवारिखांतून आधार मिळत नाही आणि छळ करणाऱ्याला शिक्षा होणं हा अशा चरित्रांचा नेहमीचा शेवट आहे, तेव्हा हे जपूनच घ्यावं.

तारखेचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. जुन्या काही संतयाद्यांत हा स्मृतिदिन १ एप्रिलला आहे, नंतरच्या याद्यांत ९ एप्रिलला, आणि वर्षही कुठे १३२१ तर कुठे १३२२. यातली चावी म्हणजे परंपरेने जपलेला वार : पाम संडेच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा गुरुवार. तेव्हाच्या जुलियन कॅलेंडरने मांडून बघितलं तर १३२१ मध्ये ईस्टर १९ एप्रिलला येतो, झावळ्यांचा रविवार १२ ला आणि त्याआधीचा गुरुवार ९ एप्रिलला. १३२२ मध्ये ईस्टर ११ एप्रिलला, झावळ्यांचा रविवार ४ ला, आणि गुरुवार बरोब्बर १ एप्रिलला. म्हणजे ९ आणि १ या तारखांचा वाद हा खरं तर १३२१ की १३२२ हाच वाद आहे, वार तोच धरून कुणीतरी वर्ष बदललं की तारीख आपोआप बदलते. १ एप्रिल आणि १३२१ अशी जी सांगड काही ठिकाणी दिसते ती मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही, कारण त्या वर्षी १ एप्रिल हा बुधवार होता. वर्षाचा निकाल जॉर्डानसच्या पत्राने लागतो. त्याचं पहिलं पत्र १२ ऑक्टोबर १३२१ चं, 'कागा' नावाच्या ठिकाणाहून लिहिलेलं, जे बहुतेक जण सौराष्ट्रातलं घोघा मानतात, आणि त्यात सोबत्यांच्या मृत्यूची बातमी आहे. हे पत्र खरं धरलं, आणि न धरायला सबळ कारण कुणी दिलेलं नाही, तर १३२२ उरतच नाही. त्याचं दुसरं पत्र ठाण्यातलंच, जानेवारीतलं, पण ते १३२३ चं की १३२४ चं हे वर्षारंभ कधीपासून मोजला यावर अवलंबून आहे, कारण तेव्हा युरोपात बऱ्याच ठिकाणी वर्ष मार्चमध्ये बदलायचं.

जागेबद्दलही थोडं. ठाणं साष्टी बेटाच्या पूर्व काठावर, तेव्हा 'शहरापासून जवळच समुद्राचा एक फाटा ओलांडून पलीकडची वस्ती' या वर्णनाला ठाण्याची खाडी आणि तिच्या पलीकडची कळव्याची बाजू सगळ्यात नीट लागू पडते. पण सातशे वर्षांत खाडीचा गाळ, भराव, काठ सगळंच बदललंय, आणि उत्तरेला घोडबंदरकडे जाणारं उल्हासचं पात्रही 'फाटा' या शब्दात बसू शकतं. त्यामुळे अमुक जागी हे घडलं असं छातीठोक सांगू नये. आणखी एक सावधगिरी : इटालियन कागदांत 'ताना' नावाचं दुसरं बंदर येतं, ते अझोव समुद्राकाठचं, डॉन नदीच्या मुखाशी, आणि दोन्ही तानांची सरमिसळ जुन्या लेखनात अधूनमधून झालेली आहे.

साधनांची तुलना केली तर जॉर्डानस आणि ओडोरिक या दोघांवर सगळं उभं आहे. जॉर्डानस घटनेच्या वेळी जवळपास होता, मृतांना ओळखत होता आणि काही महिन्यांत लिहीत होता. त्याचं लेखन त्रोटक आहे, चमत्कारांना तुलनेने कमी जागा आहे, आणि दुःखाने भरलेलं आहे. पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी एक-दोन वर्षांनंतर ठाण्याला आला, स्थानिकांकडून ऐकलं, आणि सगळा प्रवास मे १३३० मध्ये पादुआत एका सहसंन्याशाला तोंडी सांगितला, जानेवारी १३३१ मध्ये तो वारला. त्याच्या वृत्तान्ताच्या शेकड्याच्या घरात हस्तलिखितं आहेत आणि त्यांत पाठभेदही तितकेच. तपशील त्याच्याकडे जास्त आहेत पण ते दुसऱ्या हातचे. दोघांत तफावत येईल तिथे जॉर्डानसला झुकतं माप द्यावं हेच बरोबर. ओडोरिकला अगदी बेभरवशाचा ठरवणं मात्र अन्याय होईल, कारण ठाण्यातले मोठाले उंदीर, ताडी, झाडांची आणि सापांची पूजा असल्या त्याच्या नोंदी डोळ्यांनी बघितलेल्या माणसाच्या आहेत.

जॉर्डानसला बातमी कळताच तो मागे फिरला. ठाण्यातल्या एका जिनोव्हाच्या तरुणाच्या मदतीने त्याने मृतदेह मिळवले आणि सोपाऱ्याला नेऊन तिथल्या सेंट थॉमस चर्चमध्ये पुरले. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, शूर्पारक, जिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला तेच. चौदाव्या शतकात तिथे चर्च होतं याचा हा मोलाचा उल्लेख, पण त्या चर्चचे अवशेष ओळखता आलेले नाहीत. पुढे ओडोरिकने अस्थी काढून कापडात गुंडाळल्या आणि जहाजाने कोल्लममार्गे चीनमधल्या झैतूनला, म्हणजे आजच्या च्वानचौला, नेऊन तिथल्या फ्रान्सिस्कन मठात ठेवल्या. वाटेत वारा पडला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या देवाची करुणा भाकून झाली, मग याने एक हाड समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, अशी हकिगत तो सांगतो. थॉमसचं शिर मात्र इटलीत पोचलं आणि टोलेंटिनोच्या सान कातेर्वो कॅथेड्रलमध्ये ठेवलं गेलं. ते कुणाच्या हातून आणि नक्की केव्हा गेलं याच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. थॉमसच्या पूजेला पोप लिओ तेराव्याने १८९४ मध्ये मान्यता दिली, स्मृतिदिन ९ एप्रिल.

कलेच्या इतिहासात या घटनेवर वेगळाच वाद आहे. सिएनाच्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये आंब्रोजो लोरेंझेत्तीने रंगवलेलं फ्रान्सिस्कनांच्या हौतात्म्याचं भित्तिचित्र आहे, सिंहासनावर सुलतान, समोर शिर कापलेले संन्यासी, भोवती नाना देशांचे लोक. आधी हे १२२७ मधल्या (मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या) सेउताच्या हुतात्म्यांचं मानत. अलीकडे बरेच अभ्यासक ते ठाण्याचं मानतात. पीटर सिएनाचाच होता, चित्र घटनेनंतर फार उशिराचं नाही, आणि पंधराव्या शतकात शिल्पकार गिबेर्तीने तिथल्या लोरेंझेत्तीच्या चित्रांचं जे वर्णन केलंय त्यात शिरच्छेदानंतर उठलेलं वादळ येतं, जे ओडोरिकच्या वृत्तान्तात हत्येनंतर येणाऱ्या विजा-गडगडाटाशी जुळतं. चेहऱ्यांत मंगोल वळणाची माणसं आहेत, कोकणी कुणी दिसत नाही, पण चित्रकाराने ठाणं बघितलेलं नव्हतं त्यामुळे हा आक्षेप फारसा टिकत नाही. ठाण्याच्या बाजूचं पारडं जड आहे असंच म्हणावं लागेल.

जॉर्डानस यानंतर साधारण अडीच वर्षं ठाणे-सोपारा भागात एकटा राहिला. पहिल्या पत्रात तो भरूचला सुमारे ९०, नंतर आणखी वीसेक, आणि ठाणे-सोपारा दरम्यान ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचं सांगतो. म्हणजे हत्येनंतरही काम बंद पडलं नव्हतं, आणि चार जणांचा बळी घेणारी सत्ता पाचव्याला मात्र त्रास देत का होईना राहू देत होती. पुढे त्याने हिंदुस्थानावर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात फणस, आंबा आणि पारशांची प्रेतं पक्ष्यांना देण्याची रीत येते. ऑगस्ट १३२९ मध्ये पोप जॉन बाविसाव्याने कोल्लम हे लॅटिन धर्मपीठ स्थापन करून त्यालाच पहिला बिशप नेमलं. त्याचाही शेवट ठाण्याच्या परिसरात दगडांनी ठेचून झाला असं उशिराची परंपरा सांगते, त्याला समकालीन आधार नाही.